हातमोजा काढायचा नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा विभागाचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावर बसलेल्या आणि ज्यांच्यामुळे सत्कारमूर्तींची दहाच्या दहा बोटं आज जागेवर आहेत त्या डॉक्टर बाई. आजच्या सत्कारमूर्ती, पाणबुड्यांच्या पथकाच्या प्रमुख, म्हणजे कालपर्यंतच्या प्रमुख. पथकातले माझे सहकारी. पंपघरातले, प्रयोगशाळेतले आणि कचेरीतले सगळे बंधुभगिनी. त्यांची घरची मंडळी. आणि चहाच्या टेबलाला लागून असलेल्या शेवटच्या रांगेत मोठ्या दूरदृष्टीनं जाऊन बसलेले माझे मित्रहो,

माईक शिट्टी वाजवतोय, वाजवू द्या. माझा आवाज माईकशिवायही पोचतो, आणि नको तिथेही पोचतो, असं माझी बायको म्हणते.

साहेबांनी मला सांगितलं, ‘तुम्ही दोन शब्द बोला.’ साहेब, आमच्या घरात दोन शब्दांत आटोपणारा माणूस एकच आहे आणि तो समोर पहिल्या रांगेत बसलाय. माझा थोरला भाऊ, सत्कारमूर्तींचे यजमान आणि आपल्या पथकाचा दोरवाला. सत्कारमूर्ती माझ्या सख्ख्या वहिनी आहेत हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदा मांडणी सांगतो. आमच्या वहिनी पाण्यात उतरतात. त्यांच्या छातीला दोर बांधलेला असतो. त्या दोराचं दुसरं टोक काठावर दादाच्या हातात असतं. लग्नात गाठ मारतात म्हणतात, या दोघांनी ती जरा लांबच मारून घेतली. त्यांच्या लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मीही याच पथकात लागलो, वहिनींच्या हाताखालचा माणूस म्हणून. घरी त्या मला ‘भाऊजी, अजून थोडं वाढू का’ म्हणतात आणि तलावावर ‘अरे, तुझं लक्ष कुठे आहे’ म्हणतात. मी दोन्हीकडे ‘हो वहिनी’ म्हणतो.

अशा प्रसंगी वक्त्यानं अंतःकरण जड झाल्याचं सांगायचं असतं. मी काल आरशासमोर उभं राहून तसं म्हणून पाहिलं. नाही जमलं. मित्रहो, माझं अंतःकरण गेल्या कित्येक वर्षांत इतकं हलकं नव्हतं. आमच्या वहिनी निवृत्त होतायत, धडधाकट निवृत्त होतायत, आणि आमच्या सगळ्या घराचा जीव भांड्यात पडलाय. आनंद असा उघड दाखवणं सभ्यपणाला धरून नाही, पण काय करणार.

आता कचेरीतल्या मंडळींना वाटेल, एवढं काय आहे त्यात? तलावाच्या तळाशी जाळी असते, त्या जाळीतून पाणी शहराकडे जातं, जाळीत काही अडकलं की पाणबुडे उतरतात आणि काढतात. फाइलीत ते एका ओळीत मावतं. उन्हाळ्यात ते खरंच तेवढंच आहे. पण हा तलाव डोंगरातला. हिवाळ्यात काठावर बर्फाची साय धरते. खाली पाणी असं असतं की उघडा हात घातला तर आधी दुखतो, मग जळतो, आणि मग काहीच होत नाही. हे ‘काहीच होत नाही’ सगळ्यांत वाईट. म्हणून जाड हातमोजे. आणि मित्रहो, आमच्या धंद्यातलं सगळं दुखणं त्या हातमोज्यांत आहे.

घरी गेल्यावर एक करून बघा. लोकरीचे हातमोजे दोन जोड, एकावर एक चढवा. त्यावर भांडी घासायचे रबरी घाला. दिवा बंद करा. आता शर्टाची बटणं लावा. लागली? बरं, आता असं समजा की ती बटणं म्हणजे तुमचा श्वास आहे. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजनं, छातीवर चार पट्टे, प्रत्येक पट्ट्याला बकल, इकडेतिकडे लटकणाऱ्या नळ्या, आणि गाळानं पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. त्यात आमच्या जाकिटाला दोन बटणं असतात. एक दाबलं की हवा भरते आणि माणूस वर जातो. दुसरं दाबलं की हवा सुटते आणि माणूस खाली जातो. ही दोन्ही बटणं बनवणाऱ्यानं शेजारीशेजारी ठेवलीत. का ठेवली असतील? मला वाटतं, उन्हाळ्यात, उघड्या बोटांनी, खुर्चीत बसून ठेवली असतील.

वहिनींनी यावर जो उपाय काढला त्याचं नाव ‘हातमोज्यांचा आठवडा’. नवीन लोकांना हे माहीत नसेल. दर वर्षी थंडीच्या तोंडावर एक आठवडा पथकातल्या प्रत्येकानं सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, जमिनीवर, घरीदारी, ते जाड हातमोजे घालून राहायचं. बुटाची नाडी त्यांतूनच बांधायची, चहा त्यांतूनच प्यायचा, खिशातली किल्ली त्यांतूनच काढायची. आंघोळीपुरती सूट होती, आणि तीही कुरकुरत दिलेली.

या आठवड्यानं आम्हाला काय काय दिवस दाखवले. मी एकदा हातमोजे घालून स्वतःच्याच घराचं कुलूप उघडत होतो. किल्ली भोकात जाईना. पडली, उचलली, परत पडली. हातमोजे घालून, वाकून, कुलपाशी खटपट करणारा माणूस दिसला की नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्यानं काय समजावं? त्या भल्या माणसानं मला मागून घट्ट मिठीच मारली आणि पोलिसांना बोलावण्यासाठी बायकोला हाका मारल्या. त्याची बायको, माझी बायको, सगळा मजला गोळा झाला. आणि वहिनींना हे कळलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न काय होता? ‘कुलूप उघडलं का शेवटी?’

दादाला खरं तर हातमोज्यांची गरज नव्हती. दोर धरणाऱ्याला साधे, नेहमीचे हातमोजेही चालतात. तरी तो आठवडाभर जाड हातमोजे घालायचा, का ते त्यानं कधी सांगितलं नाही. तेव्हा पुतणीची वेणी दादा घालायचा. त्या आठवड्यात ती पोरगी शाळेत अशी जायची की जणू अंथरुणातून थेट बाकावर आली. एकदा बाईंनी तिला वर्गातच विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ पुतणी इथेच बसलीय, आता स्वतः नोकरी करते, आणि केस तिनं कायमचे आखूड ठेवलेत. त्यामागे काय इतिहास आहे ते आज सर्वांसमोर यावं म्हणून सांगितलं.

हसताय, हसा. पण या आठवड्यातून आम्ही जे शिकलो ते कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. वहिनी सांगायच्या, बोटांवर विसंबू नकोस, बोटं पहिली दगा देतात. तळव्यानं दाब, अंगठ्याच्या मुळानं दाब. एखादी गोष्ट सापडत नसेल तर ती जिथे असायला हवी तिथे चाचपत बसू नकोस. खांद्यापासून सुरू कर. खांदा कुठे आहे हे तुला नक्की माहीत आहे ना? मग खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावरून नळी, नळीवरून बटण. प्रत्येक वेळी परत खांद्यापासून. घाई झाली की आणखी सावकाश. आणि सगळ्यांत शेवटी, बोट रोखून, एक गोष्ट: काही झालं तरी हातमोजा काढायचा नाही.

हे शेवटचं नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर आहे. हातमोजा काढायचा मोह प्रत्येकाला होतो. क्लिप हाताला लागत नाही, बकल सुटत नाही, आणि मन म्हणतं, एक क्षणभर काढू, उघड्या बोटांनी पटकन उघडू, परत घालू. पण ओल्या हातावर ओला हातमोजा चढत नाही. पाण्याखाली तर नाहीच नाही. तो हात गेला. थोड्या वेळात लाकूड होतो. आणि मग एका हाताचा माणूस दोन हातांची कामं करायला बघतो. म्हणून वहिनींच्या परीक्षेत काहीही चुकलं तरी चालायचं, परत करता यायचं. हातमोजा काढला की संपलं. त्या वर्षापुरता तो माणूस हिवाळ्यात जाळीच्या खोल कामाला जाणार नाही.

आणि मी, सभ्य स्त्रीपुरुषहो, हातमोजा काढणारा माणूस होतो.

परीक्षा पथकाच्या सामानाच्या कोठीमागच्या हौदात व्हायची. पाण्यात बर्फाच्या लाद्या, तोंडावरच्या काचेला काळा कागद, आणि खाली बसून आपलं सगळं सामान सोडायचं आणि परत चढवायचं. मला घाई फार. मी जेवतोही तसाच. सुरुवात झकास व्हायची, आणि मग एखादी क्लिप अडली की माझे दात आपसूक हातमोज्याच्या टोकाकडे जायचे. वहिनी बाजूला वाकून उभ्या असायच्या. त्या फक्त माझ्या टाळक्यावर टिचकी मारायच्या. म्हणजे बाहेर ये. घरी आल्यावर मात्र ताटात दोन घास जास्त वाढायच्या.

एरवी यात हसण्यासारखंच होतं. पण त्या काळात वहिनींची बोटं पांढरी पडायला लागली होती. इतक्या हिवाळ्यांचं ते साचलेलं. आधी फक्त पाण्यातून आल्यावर, मग नुसत्या थंडीत, मग घरी थंड ग्लास धरला तरी. मेणासारखी पांढरी, आणि त्यांना काही कळायचं नाही. सुई टोचली तरी कळायचं नाही. डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं, हे थांबवा, नाहीतर एक दिवस बोटं काढावी लागतील. बाई, तुम्हाला आठवत असेल त्या काय म्हणाल्या. ‘थांबते. पुढचा तयार झाला की थांबते.’

पुढचा म्हणजे मी. जुन्या माणसांतला एक गुडघ्यानं बसला होता, दुसऱ्याची बदली झाली होती, आणि बाकीची नवी मुलं अजून उन्हाळ्याच्या पाण्यात धडपडत होती. म्हणजे हिशेब साधा होता. मी जितक्या वेळा हौदातून नापास होऊन बाहेर यायचो तितके हिवाळे वहिनी त्या बोटांनी जाळीपाशी जायच्या.

साहेबांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. मी त्यांच्या खोलीत उभा होतो. साहेब म्हणाले, ‘अहो, मुलगा चांगला आहे, अनुभव आहे, मी सही करतो, पास करून टाकू.’ वहिनी म्हणाल्या, ‘साहेब, सही तुमची आहे, पण आत तो जाणार आहे.’ साहेबांनी पेनाला टोपण लावलं. साहेब, तेव्हा मला तुमचा राग आला नव्हता, वहिनींचा आला होता. आज तुमचे आभार मानतो की तुम्ही टोपण लावलंत.

आणि दादा. दादा माझ्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, काही नाही. तो आधीच कमी बोलणारा, त्यामुळे घरच्यांना वेगळं जाणवलंही नसेल, पण मला जाणवायचं. एकदा जिन्यात आम्ही समोरासमोर आलो. तो म्हणाला, ‘तुला एवढंसं जमत नाही?’ बस. मी खाली गेलो, तो वर गेला. त्या हिवाळ्यात मी घरी आंधळी कोशिंबीर खेळावी तसे डोळे बांधून, हातमोजे घालून, वहिनींचं जुनं जाकीट उशीला चढवून बसायचो. बायकोनं सुरुवातीला चौकशी केली, मग सोडून दिली. तिचं म्हणणं, उशी तरी तक्रार करत नाही.

आता गेल्या हिवाळ्याची गोष्ट. ती सांगताना आज मला बरं वाटतं, म्हणून सांगतो.

वादळ होऊन गेलं होतं. डोंगरावरून फांद्या वाहून आल्या, त्यात कुठून तरी ताडपत्रीचा मोठा तुकडा, आणि सगळं जाळीवर बसलं. शहरातल्या नळांची धार बारीक झाली. पंपघरातून फोनवर फोन. सकाळी आम्ही तलावावर पोचलो तेव्हा काठाचं पाणी गोठलेलं होतं, आणि दादानं कुऱ्हाडीनं बर्फ फोडून वाट केली. वहिनी पुढे, मदतीला मी. हौदात पास झालेलो नसलो तरी सोबत म्हणून जायला मला बंदी नव्हती. जाळीच्या कडेचं वरचं काम माझं, मधलं खोल काम त्यांचं. त्यांचा दोर दादाच्या हातात, माझा पथकातल्या दुसऱ्या गड्याच्या.

जाळीपाशी पाण्याची ओढ असते. ती ढकलून जाळीला चिकटवते, कधी बाजूला फेकते. म्हणून काम करताना एका आखूड पट्ट्यानं स्वतःला जाळीच्या गजाला क्लिपनं अडकवून घ्यायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. वहिनींनी तसं अडकवून घेतलं, ताडपत्री फाडून काढली, फांद्या मोकळ्या केल्या. काम झालं. आणि क्लिप उघडेना.

नंतर कळलं ते असं, की क्लिपच्या जिभेत काटकी जाऊन बसली होती. एरवी वहिनींना ते क्षणात उमगलं असतं. पण त्यांच्या बोटांना त्या दिवशी क्लिप आहे की गज आहे हेही कळत नव्हतं. हातमोज्यात बोटं होती, पण ती बोटं बातमी देत नव्हती. चाकू काढायला गेल्या, चाकू म्यानातून निघाला आणि हातातून निसटला. तो निसटल्याचंही त्यांना कळलं नाही, मूठ तशीच आवळलेली होती. हवा भराभर कमी होत होती, कारण माणूस झटापट करतो तेव्हा हवा दुपटीनं ओढतो.

वर दादानं दोर एकदा ओढला. एकदा म्हणजे ‘ठीक आहात?’ खालून एकदा ओढलं की ‘ठीक’, तीनदा ओढलं की ‘वर घ्या’. खालून काही आलं नाही, वहिनींच्या हाताला दोरही लागत नव्हता. त्यानं परत ओढला. काही नाही. आता तुम्ही सांगा, अशा वेळी दोर धरलेला नवरा काय करेल? सगळं बळ लावून ओढेल. पण बायको खाली गजाला अडकलेली असेल तर ओढण्यानं काय होईल हे त्याला माहीत होतं. मी नंतर त्याला विचारलं, ‘तू काय केलंस तेव्हा?’ तो म्हणाला, ‘थांबलो.’ मी आयुष्यात त्याच्या तोंडून इतकं मोठं वाक्य ऐकलेलं नाही.

माझं वरचं काम आटपलं होतं. ठरलेल्या वेळी वहिनी आल्या नाहीत म्हणून मी जाळी धरून त्यांच्याकडे सरकत गेलो. दिव्याचा उजेड गाळात विरघळत होता. आधी त्यांच्या टाकीचा स्पर्श झाला, मग खांद्याचा. मी पुढे हात टाकला आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी मऊ लागलं. आमच्या कामात खाली काहीही मऊ लागत नाही. सगळं रबर, लोखंड, लाकूड. मी दिवा चिकटवून पाहिलं. तो वहिनींचा उघडा हात होता.

हातमोजा त्यांनी काढला होता. वहिनींनी.

खरं सांगतो. आपण बुडू असं नाही वाटलं. घरातलं एखादं भक्कम माणूस रडताना पाहिलं की जसं होतं तसं झालं. त्यांच्या हवेच्या काट्यावर दिवा टेकवला. काटा लाल पट्ट्याच्या तोंडाशी आला होता. माझ्या कमरेला चाकू होता. पट्टा कापावा हे पहिलं मनात आलं, पण त्या अंधारात, त्या उघड्या बोटांच्या शेजारी, मला माझ्या हातावर भरवसा नव्हता. मी त्यांचा तो हात उचलला आणि माझ्या काखेत दाबून धरला. कुठे ठेवणार दुसरीकडे? आणि मग मी डोळे मिटले. तसंही काही दिसत नव्हतं, पण उघडे ठेवले की बघायचा प्रयत्न होतो.

खांद्यापासून सुरू केलं. त्यांच्या खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावरून कडी, कडीवरून आखूड पट्टा, पट्ट्यावरून क्लिप. तळव्यानं दाबलं. जीभ अर्धी गेली आणि परत आली. आता माझे दात, मित्रहो, नळी तोंडात असतानासुद्धा शिवशिवले. एक क्षणभर काढू, पटकन उघडू. आणि माझ्या काखेत तो हात होता, थंडगार, लाकडासारखा. परत खांद्यापासून. पुन्हा क्लिप. पुन्हा जीभ अर्धी. अर्धी जातेय म्हणजे आत काहीतरी आहे. म्हणजे दाबून उपयोग नाही, उलटं करायला हवं. क्लिप गजावर आडवी टेकवली आणि अंगठ्याच्या मुळानं, अंगाचा सगळा भार देऊन, उलट्या बाजूनं रेटली. काटकी मोडल्याचं मला ऐकू आलं नाही, कळलंही नाही. फक्त वहिनी एकदम माझ्या अंगावर आल्या. म्हणजे सुटल्या.

मी त्यांच्या दोराला हात घातला आणि तीनदा ओढलं. तिसरा हिसका पुरा व्हायच्या आत वरून अशी ओढ लागली की आम्ही दोघंही निघालो. सावकाश घ्यायचं हे दादाला माहीत आहे, त्यानं सावकाशच घेतलं, पण दोराच्या त्या पहिल्या हिसक्यात त्यानं काय ठेवलं होतं ते मला खाली कळलं.

पुढचं डॉक्टर बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोमट पाणी, पट्ट्या, आणि काही दिवस कोणीच नीट न सांगणं. मग एके दुपारी बाई खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘सगळी वाचली. दोन बोटांच्या टोकांना थोडं कमी कळेल. पण थंड पाणी आता कायमचं बंद.’ दादा भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला, फरशीवर. मी त्याच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं भाऊ इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण असे जवळ बसल्याचं मला आठवत नाही. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आत गेलो तर वहिनी पट्ट्या बांधलेले दोन्ही हात उशीवर ठेवून बसलेल्या. मला वाटलं आभारबिभार मानतील, मी मान खाली घालायची तयारी केली. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, हातमोजा मी काढला. नापास झाले मी.’ मी म्हणालो, ‘अहो वहिनी, तुमच्या बोटांना काही कळतच नव्हतं—’ ‘नियम नियम आहे,’ त्या म्हणाल्या, ‘मला कशाला वेगळा?’ आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा, काय सांगू, मी त्यांना लग्नाच्या दिवशी पाहिलंय, त्या दिवशीसुद्धा इतका मोकळा नव्हता. कोणीतरी पाठीवरची टाकी उतरवून घ्यावी तसा. मग मी धीर करून विचारलं, ‘आणि माझं काय?’ त्या म्हणाल्या, ‘तुमचं काय? उघडलंत की.’

एवढीच माझी परीक्षा आणि एवढाच माझा निकाल. साहेबांनी पेनाचं टोपण त्यानंतर काढलं.

आता तलावावर पुढे मी असतो, आणि माझा दोर दादाच्या हातात असतो. फरक मला जाणवतो. वहिनी खाली असताना हा माणूस पापणी लववत नसे. मी खाली असतो तेव्हा काठावर बसून शेंगदाणे खातो, असं माझ्या कानावर आलंय. दोराला मीठ लागलेलं असतं, त्यावरून मलाही संशय आहे. पण मी तक्रार करणार नाही. तो इतकी वर्षं उपाशी उभा राहिलाय, खाऊ दे.

तर मंडळी, बोलण्याचा ओघ माझ्या हाती राहत नाही. या समारंभासाठी खुर्च्या मांडणाऱ्यांपासून चहा करणाऱ्यांपर्यंत सर्वांचे, साहेबांचे, डॉक्टर बाईंचे, आणि तुम्ही सगळ्यांनी चहा थंड होतोय हे दिसत असूनही मला बोलू दिलंत त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, वडीलधाऱ्यांची थट्टा मर्यादेपलीकडे गेली असेल, तर धाकटा दीर आहे असं समजून पोटात घाला.

फक्त एक काम राहिलंय. ते माझं नाही, पण आठवण मला करून द्यावी लागतेय.

आमच्यात एक पद्धत आहे. पाणबुड्या पाण्यातून वर आला म्हणजे आला असं आम्ही धरत नाही. थंडीनं माणसं काठावर येऊनही कोसळतात. म्हणून तो स्वतःच्या पायांवर कोरड्या जमिनीवर उभा राहिला की दोरवाला विचारतो, ‘आलात?’ आणि पाणबुड्यानं आपल्या तोंडानं ‘आलो’ म्हणायचं. त्यानंतरच दोर सोडायचा. त्या सकाळी वहिनींना आम्ही उचलून नेलं. त्यांचे दात इतके वाजत होते की शब्द फुटत नव्हता. दादा गाडीत दोराचं टोक हातात घेऊन बसला, दवाखान्यात नर्सबाईंनी दोर कापला तरी त्याच्या मुठीत त्याचा तुकडा होता, आणि बघा, तो आजही त्याच्या हातात आहे. विचारायचं राहिलं. परवा मी त्याला म्हणालो, ‘घरी विचारून टाक.’ तर म्हणाला, ‘असं कसं.’ म्हणजे आमच्या पद्धतीप्रमाणे, अध्यक्ष महोदय, ज्यांचा निरोप समारंभ चाललाय त्या बाई अजून पाण्यातच आहेत.

वहिनी, जरा उभ्या राहता? हातातली फुलं बाजूला ठेवा. नको, आधार नको, आपल्या पायांवर.

दादा, ऊठ. विचार. मोठ्यानं विचार, मागे ऐकू गेलं पाहिजे.

…

ऐकलंत ना सगळ्यांनी? ‘आले’ म्हणाल्या.

दादा, सोड आता.